ओले मूळ

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीच्या आसपासच्या वस्त्यांतल्या तळमजल्यांवर पाणी शिरले. आमचे घर त्यांतलेच एक. मला जाग आली तेव्हा दिवे गेलेले होते, आणि पलंगावरून पाय खाली टाकताच तो घोट्याच्या वरपर्यंत थंड, गढूळ पाण्यात बुडाला. अंधारात काहीतरी भिंतीवर सावकाश आपटत होते. थोड्या वेळाने, पाणी आणखी चढल्यावर, मोबाईलच्या उजेडात पाहिले तर स्वयंपाकघरातला फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. दुपारपर्यंत पाणी ओसरले, पण जाताना घरभर चार बोटे जाडीचा चिखल ठेवून गेले.

शेजारच्या काकूंचे वय सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या घरातही तेवढेच पाणी शिरले होते. मी उंबरठ्यावर नुसतीच उभी आहे हे पाहून त्या हातातला गंज, म्हणजे भांडे, तसाच धरून म्हणाल्या, "अवं, एक एक गंज जरी काढला ना, तरी संध्याकाळलोक होऊन जाते." आणि पुन्हा वाकल्या. त्यांच्या वाक्यात धीर देणारा एकही शब्द नव्हता. त्यात एक भांडे होते आणि एक संध्याकाळ होती. काम किती मोठे आहे ते सांगण्याऐवजी ते कशाने मोजायचे तेवढे त्यांनी मला सांगितले होते.

मी बावीस वर्षे मराठी शिकवते आहे. कुसुमाग्रजांची 'कणा' ही कविता मी किती वेळा शिकवली असेल त्याचा हिशेब नाही. पुराने घर वाहून गेलेला एक जुना विद्यार्थी आपल्या सरांकडे येतो, पैसे नाकारतो आणि पाठीवर हात ठेवून 'फक्त लढ म्हणा' असे मागतो, इतकी ती साधी कविता आहे. वर्गात मी दर वर्षी शेवटच्या दोन ओळींवर थांबत असे. 'मोडून पडला संसार तरी मोडला नाही कणा' या ओळीत संसाराला आणि कण्याला एकच क्रियापद लावले आहे, त्यामुळे घराचे वासे आणि माणसाची पाठ शेजारी शेजारी दिसतात, असे मी फळ्यावर लिहून देत असे. ते चुकीचे नव्हते. पण चिखलात फडा घेऊन उभी असताना मला आठवली ती वेगळीच ओळ, जिच्यावरून मी दर वर्षी घाईने पुढे जात आले होते. तो मुलगा सरांना सांगतो की गंगामाई पाहुणी आली होती, घरट्यात राहून गेली, आणि माहेरवाशिणीसारखी चार भिंतींत नाचली.

हे वाक्य ज्याला बोलता येते त्याचा कणा शाबूत आहे, हे शेवटच्या ओळीत सांगण्याची वास्तविक गरजच उरत नाही. ज्या पाण्याने भिंत खचवली, चूल विझवली, त्या पाण्याला तो माहेरी आलेल्या लेकीचे नाते देतो. माहेरवाशीण घरात हक्काने वावरते, हाताला लागेल ते घेऊन जाते आणि तिला कोणी रिकाम्या हाताने पाठवत नाही. म्हणून पुराने जे नेले ते लुटून नेले असे न होता, लेकीची पाठवणी केली असे होते. डोळ्यांत उरलेल्या पाण्याला तो प्रसाद म्हणतो. आणि मग, ज्या ठिकाणी तो स्वतःच्या कष्टांविषयी बोलतो, त्या ठिकाणी कवीने सगळे अलंकार उतरवून ठेवले आहेत: पडकी भिंत बांधतो आहे, चिखलगाळ काढतो आहे. दुःखाला रूपक दिले आहे आणि कामाला साधे क्रियापद. ही वाटणी मला बावीस वर्षांत दिसली नव्हती. ती दिसायला घरात चिखल यावा लागला.

इथे एक गोष्ट मात्र नागपूरकर म्हणून सांगावीशी वाटते. नाशिकच्या माणसाला गोदावरीला गंगा म्हणण्याची सवय आहे, त्यामुळे कुसुमाग्रजांच्या त्या मुलाच्या तोंडी 'गंगामाई' सहज येते. आमच्या शहराला नाव देणारी नाग नदी आम्ही कधी माई म्हणून हाकारली नाही. तिला आम्ही बोलताना सरळ नाला म्हणतो. ज्या पाण्याशी नातेच ठेवले नाही ते पाणी घरात आले तर त्याला पाहुणी तरी कोणत्या तोंडाने म्हणावे? रूपक कवीच्या प्रतिभेतून येते हे खरे, पण ते उगवायला लोकांच्या बोलण्यात आधीपासून जमीन तयार असावी लागते.

पुढचे तीन आठवडे पुस्तके वाळवण्यात गेले. कपाटाचे खालचे दोन कप्पे बुडाले होते. गुळगुळीत, चकचकीत कागदाची पुस्तके वाळल्यावर विटेसारखी एकजीव झाली आणि ती पुन्हा उघडलीच नाहीत. जुनी, जाड्याभरड्या कागदाची पुस्तके मात्र फुगली, पिवळी पडली आणि वाचली. पान सोडवण्याची एक वेळ असते. ते चिंब असताना ओढले तर बोटाबरोबर फाटून येते, खडखडीत वाळल्यावर ओढले तर अक्षरे मागच्या पानावर राहून जातात. मधला एक दमटपणा असतो, आणि त्या वेळी टाचणवहीचा पातळ पुठ्ठा कोपऱ्यातून सरकवत नेला तर पान आपणहून सुटते. पंख्याखाली बसून मी तुकोबांचा गाथा असा पान पान करून सोडवला. इंद्रायणीत बुडालेल्या वह्यांची आख्यायिका त्या दिवसांत भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला ऐकवली. माझे लक्ष मात्र एका अर्धवट सुटलेल्या पानावर खिळले होते, कारण त्यावर हा अभंग होता:

ओले मूळ भेदी खडकाचे अंग ।
अभ्यासासी सांग कार्यसिद्धी ॥

हा अभंग मला पाठ होता, आणि पाठ असल्यामुळेच त्यातला पहिला शब्द माझ्या कानावरून वर्षानुवर्षे निघून गेला होता. तुकोबांनी 'मूळ' म्हटले नाही, 'ओले मूळ' म्हटले आहे. खडकाला भेदायचे म्हटल्यावर कोणत्याही कवीला प्रथम काहीतरी कठीण सुचावे, पहार, छिन्नी, निदान वज्र तरी; आणि त्यांनी निवडले ते नखाने खुडता येईल असे मऊ, ओलसर टोक. सुकलेले मूळ दगडाला काहीही करू शकत नाही. ओले मूळ दगडातली केसाएवढी भेग शोधत ओलाव्याच्या मागे आत शिरते, आणि शिरल्यावर घाव न घालता नुसते जाड होत राहते. वर्षाला दोऱ्याएवढे. दगड फुटतो तो मुळाच्या वाढीने. आमच्या भागातला दगड म्हणजे दख्खनचा काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स हे सगळे त्याचेच. त्या दगडाच्या जुन्या भिंतींतून पिंपळ बाहेर आलेला नागपुरात कुठेही दिसतो. मी तो आयुष्यभर पाहिला होता आणि अभंग आयुष्यभर म्हटला होता, पण चिकाटी ही माणसाला कोरडी, टणक करणारी गोष्ट आहे अशी माझी जी समजूत होती, तिला या दोहोंपैकी कशानेही धक्का लागला नव्हता. 'ओले' या एका विशेषणाने तो लागला.

त्याच अभंगात पुढे दोराचा दाखला येतो: 'दोरे चिरा कापे पडिला काचणी'. दोर वारंवार घासत राहिला तर चिरा कापतो. हा दाखला माझ्या बोटांना माहीत आहे. माझे माहेर अमरावती जिल्ह्यातले, आणि आमच्या गावच्या पिण्याच्या विहिरीला काठावर एक आडवा काळा चिरा होता. रहाट नव्हता; बाया काठावर उभ्या राहून हाताने बादली ओढत. त्या चिऱ्याला सात खाचा पडलेल्या होत्या. लहानपणी मी त्यांत करंगळी घालून पाहत असे आणि सर्वांत खोल खाचेत ती पूर्ण बुडत असे. आतून ती खाच काचेसारखी गुळगुळीत आणि उन्हाळ्याच्या भर दुपारीसुद्धा गार लागायची. कडेला दगड खडबडीत, आणि आत, जिथून दोर हजारो वेळा गेला, तिथे असा मऊ की तो दगडच वाटू नये.

हिंदीत वृंद कवीचा दोहा आहे, आणि नागपुरात हिंदी घराबाहेर पाऊल टाकताच कानावर पडत असल्यामुळे तो आम्हाला शाळेच्या आधीपासून ठाऊक असतो: 'करत करत अभ्यास के जड़मति होत सुजान, रसरी आवत जात ते सिल पर परत निसान.' वृंद तुकोबांच्या नंतरचा. दोर तोच, दगड तोच, पण वृंदाच्या दगडावर निशाण पडते आणि तुकोबांचा चिरा कापला जातो. वृंदाला मंदबुद्धीचा विद्यार्थी शहाणा करायचा आहे, त्याला खूण पुरते. तुकोबांचे मागणे मोठे आहे. 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे' ही त्यांची ओळ ज्या अभंगात येते त्याची सुरुवात लोक सहसा सांगत नाहीत. ती बचनागासारखे विष तोळा तोळा पचवणाऱ्या आणि भुजंग हातात धरणाऱ्या माणसांपासून होते. सायास हा शब्द तिथे जिवावरचा आहे. भिंतीवर टांगलेल्या सुविचारात तो इतका निरुपद्रवी होऊन बसला आहे याचे मला वाईट वाटते.

दोराच्या दाखल्याविषयी मला एक गोष्ट मात्र अभंगाबाहेर जाऊन म्हणायची आहे. चिरा कापणारा दोर एक नसतो. आमच्या विहिरीवरचा दोर पावसाळा-दोन पावसाळे टिकायचा, मग तो पिळातून सुटू लागायचा आणि नवा आणावा लागायचा. त्या सात खाचांसाठी किती दोर झिजले आणि कुजून गेले त्याची नोंद नाही, आणि दोर ओढणाऱ्या तळव्यांची तर त्याहून नाही. माझ्या आजीच्या दोन्ही हातांना बोटांच्या मुळाशी घट्ट्यांची एक ओळ होती. गोधडी शिवताना सुई टोचली तरी तिथे तिला कळत नसे. दगडाला खाच पडली आणि हाताला घट्टा, दोन्ही एकाच दोराने. चिकाटीचे गुणगान करणारी पुष्कळ गाणी दगडाकडे बघतात आणि हाताकडे बघायचे विसरतात.

बहिणाबाई ते विसरत नाहीत. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर' यात उपमा तव्याची आहे, पण सगळा जीव 'आधी' आणि 'तंव्हा' या दोन साध्या शब्दांत आहे. चटके कशासाठी, त्याने काय शिकायला मिळते, असे काही ती सांगत नाही. भाकरी करताना जो क्रम असतो तो क्रम सांगते, आणि ज्याने कधी भाकरी थापून तव्यावर टाकली आहे त्याला पुढचे आपोआप कळते. त्यांचाच सुगरणीचा खोपाही असाच. 'तिची उलीशीच चोच, तेच दात, तेच ओठ, तुले देले रे देवानं दोन हात दहा बोटं.' उलीशी हा शब्द आमच्या वऱ्हाडाकडे घरचा आहे, त्यामुळे जळगावकडची ही ओळ मला परकी कधी वाटली नाही. पक्षी पाहणारे लोक सांगतात, आणि ते खरे आहे, की खोपा विणण्याचे काम नर करतो. मादी येऊन तो पसंत करते. म्हणून कविता खोटी ठरत नाही. बहिणाबाईंनी त्या पाखरात पाहिली ती पिलासाठी झोका टांगणारी आई, आणि तिच्या हाताशी असलेले एकुलते एक अवजार. चोचीपुढे दहा बोटे ठेवली की आळसाला काही उत्तर उरत नाही. इथे उपदेश आहे, पण तो मोजदादीच्या रूपाने आला आहे, काकूंच्या गंजासारखा.

ज्या बायकांनी दळताना ओव्या म्हटल्या त्यांना हे सांगावे लागत नव्हते, कारण त्यांच्या गाण्याचा ठेकाच जात्याचा होता. 'अरे घरोटा घरोटा, तुझ्यातून पडे पिठी, तसं तसं माझं गानं पोटातून येतं ओठी', असे बहिणाबाई म्हणतात तेव्हा जाते हे प्रतीकही असते आणि ते म्हणताना हाताखाली फिरतही असते. ज्याचे रूपक केले तेच काम चालू आहे, अशी कविता मला दुसरीकडे फारशी भेटलेली नाही.

मशालीची गोष्ट वेगळी. रेशीमबागेतल्या ज्या मोठ्या सभागृहाला सुरेश भटांचे नाव आहे, तिथल्या गर्दीत मी 'उषःकाल होता होता काळरात्र झाली, अरे पुन्हा आयुष्यांच्या पेटवा मशाली' ऐकले आहे. १९७९ च्या 'सिंहासन' चित्रपटातले हे गाणे आशा भोसले यांच्या आवाजात प्रत्येकाने ऐकलेले असते. मला मशाल हे प्रतीक फारसे आवडत नाही, कारण ते फार लवकर हातात घेता येते आणि तितक्याच लवकर विझते. पण भटांनी तिच्या अलीकडे 'पुन्हा' ठेवला आहे आणि त्या एका शब्दाने मशालीचा सगळा इतिहास आत आणला आहे. ती आधी पेटली होती, विझली, आणि उजाडण्याच्या बेतात असताना रात्र परत आली. पहाटेची वाट पाहून फसलेल्या माणसांसाठी ते गाणे आहे, आणि त्यातले क्रियापद अनेकवचनी आहे.

अनेकवचनाचा खरा अर्थ मला दर ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवर कळतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तिथे पुस्तकांच्या आणि गाण्यांच्या दुकानांमधून चालताना एक रूपक पुन्हा पुन्हा कानावर येते, ते गाड्याचे. मोठ्या कष्टाने हा गाडा इथवर आणला आहे, तो पुढे नेता आला नाही तरी मागे जाऊ देऊ नका, असे बाबासाहेबांचे म्हणून जे सांगणे लोकांच्या मनात रुजले आहे, त्याचीच ही गाणी. मूळ एका झाडाचे असते, चोच एका पाखराची. गाडा मात्र एकाने ओढत आणून दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायचा असतो. विहिरीवरचे ते कुजून गेलेले दोर मला या रूपकात परत सापडले.

या सगळ्या ठिकाणी माझ्या मनात एक खटकाही आहे, आणि तो माझा नव्हे, माझ्या एका विद्यार्थ्याचा आहे. यवतमाळकडून शिकायला आलेला, वडील कापूस पेरणारे. 'कणा' शिकवून झाल्यावर त्याने वर्गात नाही, नंतर जिन्यात गाठून विचारले होते, "मॅडम, दर वेळी लढायचंच का?" विदर्भातल्या मुलाने हा प्रश्न विचारला की त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकातून देता येत नाही. त्या दिवशी मी काहीतरी बोलले आणि ते त्याला पुरले नाही हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसले. आज मी त्याला निदान एवढे दाखवू शकेन की त्या कवितेत 'लढ' हा शब्द सरांचा नाही. सर त्याला काहीच सांगत नाहीत. त्यांचा हात तर खिशाकडे जातो. लढ म्हणण्याची मागणी त्या भिजलेल्या मुलाची आहे, आणि तीही हात पाठीवर ठेवून म्हणण्याची. कोरड्या जागी बसलेल्याने चिखलात उभ्या असलेल्याला परस्पर दिलेला तो सल्ला नाही. ज्या गाण्यांत हा फरक पाळलेला नसतो ती गाणी चढ्या आवाजात कितीही वाजली तरी माणसाला एकटे टाकतात, असे माझे ठाम मत झाले आहे.

तुकोबांच्या त्या अभंगाचा शेवट बहुतेकांना आठवत नाही, मलाही, पाठ असून, तो त्या ओल्या पानावर नव्याने वाचावा लागला. मूळ आणि खडक, दोर आणि चिरा झाल्यावर तुकोबा एकदम आईच्या पोटात जातात: तिथे बाळाला बसायला जागा कुठली, ती काय एकाएकी मिळते? आधीच्या दोन्ही दाखल्यांत कोणीतरी फुटते, कोणीतरी कापले जाते. इथे कोणीच हरत नाही. बाळ वाढते आणि पोट जागा देत जाते, दिवसादिवसाने, आणि त्या नऊ महिन्यांत कोणत्या दिवशी जागा झाली ते आईलाही दाखवता येत नाही. एका अभंगात खडकापासून गर्भापर्यंत येणाऱ्या माणसाने चिकाटीत झगड्याइतकीच माया पाहिली असली पाहिजे. ते पान सुटायला पूर्ण एक संध्याकाळ लागली, आणि खालचा कोपरा तरी फाटलाच.

या वर्षी 'कणा' शिकवताना मी एका मुलीला मोठ्याने वाचायला सांगितले. माहेरवाशिणीची ओळ आली आणि तिला हसू आवरले नाही. "मॅडम, घर गेलं याचं, अन् हा म्हणते पोरगी नाचली!" असे ती म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. इतकी वर्षे या ठिकाणी कोणी हसले तर मी डोळे मोठे करून गप्प करत असे. या वेळी मी त्यांना हसू दिले, कारण तो मुलगाही सरांपुढे क्षणभर बसून हसलाच होता. हसणे थांबल्यावर मी तिला पुढे वाचायला सांगितले. भिंत, चूल, पापण्यांतले पाणी, आणि मग तिच्या आवाजात, कोणताही जोर न देता, "पडकी भिंत बांधतो आहे, चिखलगाळ काढतो आहे."